बाई, पाणंदीचे कागद गेले एकदाचे

बाई, नमस्कार. फोनवर गळा भरून आला आणि नीट बोलताच आलं नाही, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितेय. शाळा सुटून 22 वर्षं झाली तरी तुम्ही परवा माझ्यासाठी तीन तास बसलात, चहा दोनदा गार झाला तरी उठला नाहीत.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, चुलत्यांच्या शेतावर जाणाऱ्या पाणंदीचा वाद हायकोर्टात गेलाय, कागद इंग्रजीत द्यायचे होते आणि भाषांतर माझ्याकडे आलं. "सदर पाणंद पूर्वापार वहिवाटीची आहे" एवढंच वाक्य, पण तो पूर्वापार मी एका पानावर टाइम ऑनर्ड केला, दुसऱ्यावर एज ओल्ड, तिसऱ्यावर एन्शंट, म्हटलं अर्थ जुनं असाच ना सगळ्यांचा.

तुम्ही पेन्सिलीने तिन्हींना गोल केलात. टाइम ऑनर्ड म्हणजे काळाने मान दिलेलं, शेक्सपिअरच्या 'रिचर्ड दुसरा' मध्ये पहिल्याच ओळीत राजा म्हाताऱ्या जॉन ऑफ गाँटला तसं म्हणतो, ते रीतीभातीला शोभतं, चिखलाच्या वाटेला नाही. एज ओल्ड जसं परंपरेला लागतं तसं दुखण्यालाही. "तुझ्या चुलत्यांच्या भांडणाला लाँग स्टँडिंग म्हण, पाणंदीला नको," म्हणालात. आणि एन्शंट वाचून माणसाला रोमचे पडके खांब दिसतात, पण लंडनमध्ये खिडकीखाली 'एन्शंट लाइट्स' अशी पाटी असते तिथे तोच शब्द फक्त 20 वर्षं अडथळ्याशिवाय आलेल्या उजेडासाठी आहे, हे मला आयुष्यात कोणी सांगितलं नव्हतं!

मग समासात तुम्ही 1189 लिहिलंत. टाइम इमेमोरिअल मला नुसता फुलोरा वाटायचा, पण इंग्लंडात 1275 च्या कायद्याने पहिल्या रिचर्डची कारकीर्द हद्द धरली, तो 1189 मध्ये गादीवर आला त्याच्या आधीचं ते सगळं माणसाच्या आठवणीपलीकडचं. एवढं मागचं सिद्ध कोण करणार, म्हणून पुढे वर्षं मोजायची पद्धत आली, आपल्याकडे 1882 च्या कायद्यात वाटेच्या वहिवाटीलाही 20 वर्षंच आहेत. कोर्टाला टाइम इमेमोरिअल हा शब्द ओळखीचा आहे, पूर्वापारला तोच ठेव म्हणालात, ठेवला.

पण खरी चूक तुम्ही पुढच्या पानावर धरलीत. काकूच्या जबाबात होतं, "माझी वरात 1968 साली याच पाणंदीने बैलगाडीतून आली", आणि मी ते आटोपशीर करायच्या नादात नुसतं 'सिन्स लाँग' लिहून मोकळी झाले होते. ते इंग्रजीही चुकीचं आणि काकूची अख्खी बैलगाडीच गायब. ती तुम्ही शब्दान् शब्द परत लिहून घेतलीत.

सोमवारी कागद दाखल झाले. काकूला ते वाक्य इंग्रजीत वाचून दाखवलं, तिला इंग्रजी येत नाही पण 1968 कळलं, डोळे पुसले तिने. रविवारी तुमची डिक्शनरी द्यायला येतेय, काकूने तुमच्यासाठी खपली गहू बांधून ठेवलाय.