नळीने आखलेली बाग

पुणे, २० मे

प्रिय मंजू,

बंगल्याचा नकाशा आणि बागवाल्याची यादी, दोन्ही मिळालं. नकाशा झकास. यादी वाचून मात्र पोटात गोळा आला. पुढे लॉन, कडेने ड्युरांटाचं कुंपण, चार फॉक्सटेल पाम, फाटकाशी पांढरे गोटे. अगं, हीच बाग आमच्या सोसायटीत आहे, तुझ्या नणंदेच्या रो-हाउसला आहे आणि हायवेवरच्या दर दुसऱ्या हॉटेलापुढे आहे! फलटणात ती जगणार कुणाच्या पाण्यावर? मार्चपासून बोअर आचके देतं, हे तूच सांगतेस.

मागच्या ऑगस्टमध्ये रेवाकडे इंग्लंडात कोलचेस्टरला होते, तेव्हा तिने मला जवळच्या एल्मस्टेड मार्केट गावात नेलं, बेथ चॅटो या नावाजलेल्या बागकाम करणाऱ्या बाईंच्या बागेत. बाई २०१८ साली गेल्या, ९४ वर्षांच्या होऊन. त्या बागेचा एक तुकडा पूर्वी गाड्या उभ्या करायची जागा होता. वाळू-खडीची जमीन, तीही चाकांखाली दबून दगड झालेली. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी ती खोल फोडून घेतली, कंपोस्ट मिसळलं, रोपं लावली आणि वर खडी पसरली. रोपं धरेपर्यंत पाणी घातलं, पुढे कडक उन्हाळ्यातही नाही. आणि पाऊस किती, तर वर्षाला पाचशे-सहाशे मिलिमीटर, म्हणजे साधारण तुमच्याकडे पडतो तितकाच! हे कळल्यावर मी तिथल्या बाकावर बसूनच घेतलं.

वाफ्यांच्या कडा ठरवायला बाईंनी जमिनीवर पाण्याच्या नळ्या अंथरल्या होत्या, वाट कोरड्या नदीच्या पात्रासारखी वळत जावी म्हणून. त्या तुकड्यात नळीचा मोठा उपयोग झाला तो हाच.

मी गेले तेव्हा अर्धी झाडं फुलून वाळलेली. कांद्याच्या जातीच्या झाडांची गोल बोंडं काड्यांवर तशीच उभी, गवताची पिसं वाऱ्यावर हलतायत, आणि कुणी माळी कात्री घेऊन मागे लागलेला नाही. आपल्याकडे फूल सुकलं की आधी खुडायचं, नाही का? तिथे वाळलेली बोंडंही शोभेचीच. हल्ली युरोपात बरेच जण अशी बाग करतात. पीट औडॉल्फ या डच बागरचनाकाराने न्यूयॉर्कच्या हाय लाइनवर, एका बंद पडलेल्या उन्नत रेल्वेमार्गावर, हेच केलंय. झाड निवडताना तो फुलाच्या रंगाआधी त्याचा सांगाडा कसा दिसतो ते बघतो.

आता माझी फजिती ऐक. परत आल्या आल्या मी लॅव्हेंडर आणलं. पुढच्या जुलैची वाटही न पाहता परतीच्या पावसातच त्याची मुळं कुजली. दुसरं आणलं, तेही गेलं. मग डोक्यात उजेड पडला. तिथला पाऊस बारा महिन्यांत थोडाथोडा वाटलेला, आपला सगळा चार महिन्यांत. बाईंची झाडं उचलून आणायची नव्हतीच, त्यांचा प्रश्न आणायचा होता: हे झाड मुळात राहतं कुठे?

तो प्रश्न घेऊन तुझ्या घरामागच्या माळावर जा. तरवड दिसेल, गुरं तोंड लावत नाहीत म्हणून टिकलेला. त्याच्या पिवळ्या फुलांपुढे ड्युरांटा काय करील? कुंपणाला तो आणि कोरांटी. पावसाळ्यात कुंपणावर कळलावी चढव (विषारी आहे, नातवाला सांभाळ), चार महिने नाचेल आणि मग कंदात जाऊन झोपेल. लॉनच्या जागी मारवेल गवताचे ठोंब. वैरणीसाठी लावणाऱ्या कुणाही शेतकऱ्याकडे मिळतील. कुसळी गवत दिवाळीनंतर त्याहून देखणं दिसतं, पण साडीला कुसळं लागली की शिव्या मला देशील, म्हणून ते लांबच्या कोपऱ्यात. पामांऐवजी एक पळस, एक बहावा. पळस फाल्गुनात निष्पर्ण होऊन पेटतो, तो ओसरला की बहावा सुरू. बाकी बाग तेव्हा तपकिरी असेल. असू दे.

खडी मात्र नको. तिथलं ऊन आणि आपला वैशाख यांत फरक आहे, तापलेली खडी कोवळी रोपं भाजून काढील. तुमच्याकडे उसाचं पाचट लोक शेतातच पेटवून देतात, तेच मागून आण आणि वीतभर जाड अंथर. आणि मोठी झाडं विकत घेऊ नकोस. कुंडीत गोल फिरलेली मुळं खाली जायला आळस करतात. वीत-दीड वीत उंचीची रोपं मृगाचा पाऊस जमिनीत मुरला की लाव. पहिले दोन उन्हाळे आठवड्याला कळशीभर पाणी लागेल, तेवढं भाऊजी घालतील.

भाऊजींना लॉन हवंच आहे, हे मला माहीत आहे. संध्याकाळी खुर्ची टाकायला म्हणून झोपाळ्यापुढे चटईएवढा तुकडा दे त्यांना. भांडू नकोस.

मी मृगाला येतेच आहे. पाचटाचं आधी बघून ठेव. आणि गच्चीवरची ती फुटकी नळी भंगारवाल्याला देऊ नकोस, आखणीला लागेल.

तुझी,
शुभा