आधी माँटे क्रिस्टो, मग अर्थसी

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

पार्सल मंगळवारपर्यंत पोचेल. आत दोनच पुस्तकं आहेत: अलेक्झांडर द्यूमाचं 'द काउंट ऑफ माँटे क्रिस्टो' आणि अर्सला ले ग्विनचं 'अ विझर्ड ऑफ अर्थसी'. बाबा, जाडजूड तुम्ही घ्या. आई, पातळ तुझं. मग अदलाबदल करा. एकाला अभिजात म्हणतात आणि दुसऱ्याला जादूची गोष्ट, म्हणून दुकानात ती दोन टोकांना असतात. पण दोन्हींच्या पोटात प्रश्न एकच आहे. माणसाच्या हाती अफाट सामर्थ्य आलं आणि त्यानं ते वापरलं, तर त्याची किंमत कोण भरतं? म्हणून ही दोन लागोपाठ वाचावीत असं मला मनापासून वाटतं.

बाबा, माँटे क्रिस्टोची पानं बाराशेच्या आसपास आहेत, पण दडपून जाऊ नका. ही कादंबरी १८४४ ते १८४६ या काळात पॅरिसच्या एका दैनिकात क्रमशः आली. हरिभाऊंची 'पण लक्षात कोण घेतो?' 'करमणूक'मधून आली, त्यातलाच प्रकार. प्रकरणं एकंदर ११७, आणि बहुतेक प्रकरणांचा शेवट पुढच्या अंकाची वाट बघायला लावणारा. रोज दोन वाचलीत तर दोन महिन्यांत पुरी होईल. एका बैठकीत दहा-दहा वाचली की नावांची सरमिसळ होते, आणि बरेच जण तिथंच कंटाळतात.

सुरू करण्याआधी एवढं डोक्यात असू द्या: फ्रान्सच्या गादीवर पुन्हा राजा बसला आहे, नेपोलियन एल्बा बेटावर हद्दपार आहे, आणि १ मार्च १८१५ ला तो फ्रान्सच्या किनाऱ्यावर उतरणार आहे. आपल्या नायकाला, एदमाँ दांतेसला, अटक होते २८ फेब्रुवारीला. एल्बाहून आणलेलं एक साधं पत्र त्याच्याजवळ सापडतं आणि त्यावरून अख्खा जन्म उद्ध्वस्त होतो. हे कसं, ते या तारखांशिवाय कळत नाही.

चौथं प्रकरण सावकाश वाचा. दारूच्या टेबलावर जहाजाचा हिशेबनीस दांग्लार निनावी चुगलीपत्र लिहितो, तेही डाव्या हातानं, अक्षर ओळखू येऊ नये म्हणून. मग 'आपली गंमत' म्हणत कागद चुरगाळून कोपऱ्यात फेकतो आणि निघतो. जाता जाता मागं वळून बघतो, तर दांतेसच्या वाग्दत्त वधूवर डोळा असलेला फर्नां तो बोळा उचलून खिशात घालतोय. गुन्हा कुणी केला? लिहिणाऱ्यानं, टपालात टाकणाऱ्यानं, की शेजारी पिऊन पडलेल्या आणि सगळं ऐकलेल्या कादरूसनं? पुढं सतराव्या प्रकरणात तुरुंगातला फारिया पाद्री डाव्या हातानं दोन-तीन ओळी लिहून दाखवतो आणि म्हणतो, उजव्या हाताची अक्षरं वेगवेगळी असतात, डाव्या हाताची सारखीच दिसतात. तेवढ्यावरून तो कोठडीत बसल्या बसल्या सारा कट उलगडतो. इतकी नेटकी बांधणी दैनिकाच्या हप्त्यांत साधणं मला आजही थोर वाटतं. आराखडे रचण्यात ओग्यूस्त माके हा सहलेखक द्यूमाबरोबर होता, त्याचंही श्रेय विसरू नये.

पुस्तक हातातून सुटतं ते ३१ ते ३८ या प्रकरणांत. कथा नऊ वर्षं पुढं उडी मारते, इटलीत जाते, दोन अनोळखी तरुण येतात, आणि आपला नायक त्याच्या नावानं कुठं दिसतच नाही. तो तिथंच असतो, फक्त वेषांतर केलेला. ही प्रकरणं गाळू नका. पॅरिसच्या दिवाणखान्यात शिरायची त्याची वाट इथंच तयार होते. एका कागदावर त्याची चार नावं लिहून पुस्तकात ठेवा: माँटे क्रिस्टो, बुसोनी पाद्री, सिंदबाद, लॉर्ड विल्मोर. आणि सत्ताविसाव्या प्रकरणात पेन्सिल घेऊनच बसा. तिथं कादरूस कोण कुठल्या हुद्द्यावर पोचलं ते सांगतो, आणि शत्रूंची नावंसुद्धा बदललेली असतात.

संक्षिप्त आवृत्ती मुद्दामच घेतली नाही. तिच्यात सूड राहतो, पण सूड घेणाऱ्याला पडलेली शंका कापली जाते, आणि खरं पुस्तक त्या शंकेत आहे. पाठवलेली प्रत रॉबिन बसच्या भाषांतराची आहे, १९९६ ची. एकोणिसाव्या शतकातल्या जुन्या इंग्रजी भाषांतरात सोज्वळपणापायी बरंच झाकलेलं आहे. १११ वं प्रकरण झालं की मला फोन करा, रात्रीचे अकरा वाजलेले असले तरी. आणि प्रत जड आहे, मनगट दुखेल. देवघरातली ठवणी घ्या, तिच्यावर पुस्तक नीट उघडं राहतं.

आई, आता तुझं. अर्थसी हा नुसत्या बेटांचा मुलूख, म्हणून पुढचा नकाशा आधी बघ आणि गाँट व रोक ही दोन बेटं शोधून ठेव. प्रकरणं दहाच. पहिल्यात एकाच मुलाची तीन नावं येतात: डनी हे लहानपणचं, स्पॅरोहॉक हे लोकांत वापरायचं आणि गेड हे खरं, जे फक्त विश्वासातल्या माणसाला सांगायचं. इथली जादू म्हणजे वस्तूचं खरं नाव माहीत असणं, बस्स. ते शिकणं किती कष्टाचं आहे ते बघ. रोकवरच्या जादूच्या शाळेतली मुलं मनोऱ्यात बसून नावांची पानंच्या पानं पाठ करतात, कारण मध्यरात्री शाई उडून कागद कोरा होतो. आणि वापरायला बंधन: रोकवर पाऊस पाडला तर दुसऱ्या बेटावर दुष्काळ पडू शकतो. म्हणून थोर जादूगार शक्यतो काहीच करत नाहीत. गेडचा गुरू ओगियन तर पावसात भिजत चालतो, पण ढग हलवत नाही.

बाबा, 'जादूच्या गोष्टी म्हणजे पोरखेळ' असं तुम्ही म्हणता, पण 'वीरधवल' तुम्हीच मिटक्या मारत वाचलं होतं. चौथं प्रकरण वाचा. गेड ईर्ष्येपोटी नको तो मंत्र म्हणतो आणि जगाला चीर पडते. ती सांधताना म्हातारा मुख्य जादूगार जीव गमावतो. १९६८ साली किशोरांसाठी लिहिलेल्या पुस्तकात एवढी चोख जबाबदारी आहे. माझ्या मते द्यूमाला जिथं पोचायला हजार पानं लागतात, तिथं ले ग्विन साठ-सत्तर पानांत पोचते.

पुढचे भाग प्रकाशनाच्या क्रमानंच वाचायचे. दुसऱ्यात, 'द टूम्ब्स ऑफ अटुआन'मध्ये, गेड बराच वेळ येतच नाही. चुकीचं पुस्तक आलं असं समजू नकोस. ती टेनार या मुलीची गोष्ट आहे. तीच टेनार १९९० च्या 'तेहानू'मध्ये प्रौढ विधवा होऊन येते आणि भाजलेल्या एका पोरीला वाढवते. तिथं जादू जवळजवळ नाहीच. धुणंभांडी, शेळ्या, आजारपण, भीती. आई, मालिकेतलं मला सर्वांत आवडतं ते हेच, आणि तुझं मत मला ऐकायचंय.

'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' तुम्ही मागितलं होतं, ते इतक्यात पाठवत नाही. त्याची ६२ प्रकरणं आहेत, आणि मधल्या खंडात आधी एका टोळीची सगळी हकीकत संपते, मग मागं जाऊन दुसरीची सुरू होते. तारखा जुळवायला शेवटी दिलेलं परिशिष्ट सारखं उघडावं लागतं. ही दोन झाली की दसऱ्याच्या सुमारास तीन सुट्ट्या खंडांत पाठवते, म्हणजे हाताला पेलेल.

डोळ्यांचे थेंब चुकवू नका. संध्याकाळी वाचताना दिवा डाव्या खांद्यामागून येऊ द्या.

तुमची लेक