हिंगणघाट हे नाव लपवू नका म्हणणाऱ्या ताईंना

ताई,

सप्रेम नमस्कार.

काल संध्याकाळी नागपूरजवळच्या बुटीबोरीच्या एका कारखान्याची, वर्षभर माणसं पुरवण्याची वर्क ऑर्डर हातात आली. परत येताना जाम गावच्या चौकात चहाला थांबलो आणि पहिला फोन तुम्हालाच लावला. तुम्ही मीटिंगमध्ये होता. मग वाटलं, लिंक्डइन या नोकरी-धंद्याच्या ओळखींच्या साइटवरून कंपन्यांचं काम कसं मिळवायचं हे तुम्ही शिकवलंत, त्याचे आभार फोनवर दोन वाक्यांत उरकण्यासारखे नाहीतच. ते सगळ्यांसमोर लिहावेत, कारण वर्धा, यवतमाळ, चंद्रपूर, भंडारा या भागात माझ्यासारखी प्लेसमेंटची छोटी ऑफिसं चालवणारे कितीतरी जण आहेत आणि त्यातले बरेच अजून मी होतो तिथेच, कंपनीच्या गेटवर, उभे आहेत. तुमचं नाव लिहू नको म्हणालात, म्हणून लिहीत नाही.

ते गेट मी चार वर्षं पाहिलं. आठवड्यातून तीनदा मोटारसायकलने बुटीबोरी एमआयडीसीला जायचो. सिक्युरिटी केबिनमधल्या रजिस्टरात नाव, गाव, वेळ लिहायची. 'कोणाला भेटायचे' या रकान्यात 'एचआर', 'कशासाठी' या रकान्यात 'मॅनपॉवर'. गार्ड इंटरकॉम लावायचा, दोन मिनिटं ऐकायचा आणि म्हणायचा, "साहेब बिझी आहेत, कार्ड ठेवून जा." केबिनच्या खिडकीत रबरबँड लावलेला कार्डांचा गठ्ठा असायचा. माझं कार्ड त्याच गठ्ठ्यात जायचं. पोरांची कमतरता माझ्याकडे कधीच नव्हती. आयटीआय झालेले फिटर, इलेक्ट्रिशियन, वेल्डर, बीएस्सी केमिस्ट्रीवाले, डिप्लोमावाले, सगळ्यांच्या नोंदींनी रजिस्टरं भरलेली होती. कमतरता होती ती काम देणाऱ्या कंपन्यांची. जिनिंगच्या हंगामात हमाल आणि ऑपरेटर पुरवायचे, एखाद्या शाळेला ड्रायव्हर द्यायचा, यावर ऑफिसचं भाडं निघायचं.

लिंक्डइनवर माझं खातं होतं, पण ते मी फक्त पोरं शोधायला वापरत होतो. काम देणारी माणसंही तिथेच बसलेली आहेत, याचा कधी विचारच केला नव्हता. एकदा केला, तोही चुकीच्या पद्धतीने. एकच मजकूर आठवडाभर दिसेल त्या एचआर मॅनेजरला पाठवत सुटलो. एकाचंच उत्तर आलं, "आपली ओळख आहे का?" त्या ओळीने मी इतका ओशाळलो की पुढे कित्येक महिने ते ॲप उघडलंच नाही.

मग गेल्या उन्हाळ्यात तुम्ही आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी माहेरी आलात. तीन दुपारी, कृषी केंद्राच्या वरच्या माझ्या खोलीत, कूलरसमोर बसून तुम्ही मला शिकवलंत. पुण्यात इतकी वर्षं एचआरमध्ये काढलेल्या बाईला माझ्यासाठी तीन दुपारी द्यायचं काहीच कारण नव्हतं.

प्रोफाइल पाहून तुम्ही पहिला प्रश्न विचारलात तो अजून कानात आहे. "भाऊ, नागपूर काऊन लिहिलं?" मी म्हणालो, हिंगणघाट लिहिलं तर कोण विचारणार? तेव्हा तुम्ही म्हणालात, "नागपूरचे कितीतरी एजंट त्यायच्या दाराशी उभे आहेत. गिरडच्या, मांडगावच्या पोट्ट्याच्या घरी जाऊन त्याच्या बापाशी बोलणारा कोण आहे, सांगा बरं?"

ताई, त्या वाक्याने माझी पाठ सरळ झाली. इंग्रजांच्या काळात हिंगणघाटचा कापूस गावाच्याच नावाने लिव्हरपूलच्या बाजारात ओळखला जायचा, हे आजोबांकडून ऐकत मी मोठा झालो, आणि धंद्यात उतरल्यावर पहिलं काम काय केलं, तर तेच नाव पुसून टाकलं.

लिंक्डइनवर नावाखालच्या ओळीला २२० अक्षरांची जागा मिळते. तिथे माझं 'डायरेक्टर' होतं. तुम्ही विचारलंत, "डायरेक्टर आहात हे वाचून त्या साहेबाचा कोणता प्रश्न सुटला?" मग अख्खी एक दुपार त्या ओळीवर गेली. शेवटी उरलं ते असं: बुटीबोरी ते जाम पट्ट्यातल्या कारखान्यांसाठी हिंगणघाट-समुद्रपूरच्या गावांतून फिटर, इलेक्ट्रिशियन, मशीन ऑपरेटर. उमेदवाराकडून एक रुपयाही घेत नाही.

शेवटचं वाक्य तुमच्या आग्रहामुळे आलं. मी म्हणत होतो, हे काय सांगायचं, घेत नाही तर घेत नाही. पण आपल्या भागात नोकरी लावून देतो म्हणून पोरांकडून पैसे उकळणारे किती आहेत, हे तुम्हाला माझ्याइतकंच ठाऊक होतं. माझ्याकडे आलेल्या एका पोराच्या आईने कानातलं गहाण ठेवून कुणा एजंटला पैसे दिले होते. नोकरी नाही, पैसे नाहीत, आणि फोन बंद. असं पोर कारखान्यात लागलंच तर डोक्यावरच्या कर्जामुळे पहिल्या महिन्यापासून अस्वस्थ असतं आणि जरा जास्त पगार दिसला की पळतं. त्याचा त्रास कंपनीलाही होतोच. कालची ऑर्डर ज्यांनी दिली त्या मॅडमनी मला सांगितलं की, हे वाक्य वाचूनच त्या माझ्या प्रोफाइलवर थांबल्या होत्या. माझी फी मी कंपनीकडून घेतो, वार्षिक पगाराच्या ८.३३ टक्के, म्हणजे एका महिन्याचा पगार, आणि नव्वद दिवसांच्या आत माणूस सोडून गेला तर दुसरा मोफत. हेही तुमच्याच सांगण्यावरून आता प्रोफाइलवर उघड लिहिलेलं आहे.

दुसऱ्या दुपारी तुम्ही माझं पिवळं रजिस्टर मागितलंत. नोकरी सोडून परत आलेल्या पोरांची नोंद मी त्यात ठेवतो, कारणासकट. तुम्ही एकेक पान बोटाने वाचत गेलात. पगार कमी म्हणून सोडलेले बोटांवर मोजण्याइतके निघाले. 'गाडी नाही', 'रात्री येता येत नाही', 'मित्राची शिफ्ट बदलली' हेच पानोपानी. तुम्ही रजिस्टर मिटून म्हणालात, "हे त्या साहेबाले कोणीच सांगत नाही. अर्जंट रिक्वायरमेंट टाकणं बंद करा, हे लिहा."

मी लिहिलं. दुसरी शिफ्ट रात्री ११ ला सुटते, त्या वेळी जामवरून आतल्या गावांकडे जायला काही मिळत नाही. पोरगा मित्राच्या मागे बसून येतो आणि मित्राची शिफ्ट बदलली की आठवड्याभरात काम सोडतो. म्हणून एका गावची चार पोरं एकाच शिफ्टला घ्या, किंवा जामपर्यंत एक गाडी द्या. एवढंच. इंग्रजीची भीती वाटत होती, पण तुम्ही म्हणालात, साहेब बिहारचा असो की तामिळनाडूचा, लहान वाक्यांचं सोपं इंग्रजी त्याला समजतं. ज्यांच्या गेटवरून मी परत आलो होतो, त्यांच्यातल्या दोघांनी त्याखाली स्वतःहून प्रश्न विचारले.

पण खरं दार उघडलं पोळ्याने. श्रावण अमावस्येला पोळा आणि दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. हे दोन दिवस आपल्याकडची बहुतेक माणसं कारखान्यात नसतात, बैल असो वा नसो. पंधरा दिवस आधी मी लिहिलं की, बाहेरच्या राज्यातून इथे बदलून आलेल्या व्यवस्थापकांनी या दोन दिवसांत उत्पादन घटेल हे आधीच धरून चालावं. ज्यांच्या घरी शेती नाही अशा पोरांची यादी आत्ताच करावी आणि सुट्टी आधीच जाहीर करावी, म्हणजे माणसं तिसऱ्या दिवशी नक्की परत येतात. सोयाबीनची काढणी आणि कापसाची वेचणी कोणत्या आठवड्यांत जोरात असते, तेही जोडलं. त्यावर एका प्लांट हेडने लिहिलं की, मागच्या वर्षी त्या दिवशी त्यांची उत्पादनाची लाइन बंद पडली आणि कारण त्यांना नंतर कळलं. दोन दिवसांनी त्यांचाच मेसेज आला. ज्या गेटवर मी रजिस्टर भरत होतो, त्याच गेटवर गार्डने माझं नाव यादीत पाहून मला सरळ आत सोडलं.

तुम्ही शिकवलेल्या बाकीच्या गोष्टीही आता रोजच्या सवयीच्या झाल्या आहेत. एखाद्या कारखान्याने स्वतःची जागांची जाहिरात टाकली की ती पोरांना पाठवण्याआधी मी विचार करतो, एकदम इतके ऑपरेटर का लागतात, नवी लाइन चालू होतेय का. कोणी एचआर मॅनेजर नोकरी बदलून आपल्या पट्ट्यात आला की अभिनंदन करतो आणि तिथेच थांबतो, काम मागत नाही. नव्या जागी पहिल्या तीन महिन्यांत त्याला माणसं लागतातच आणि जुन्या गावचे माणसं पुरवणारे व्हेंडर इथे कामाला येत नाहीत. आपल्या जिल्ह्यातल्या इंजिनिअरिंग कॉलेजांच्या पानांवर माजी विद्यार्थी कुठे कामाला आहेत ते दिसतं, हे तुम्ही दाखवलंत तेव्हा मी चाट पडलो. चाकण, रांजणगावला गेलेली आपलीच पोरं आता सुपरवायझर, प्रॉडक्शन इंजिनिअर झाली आहेत. मीच लावलेल्या एका पोराने त्याच्या साहेबाशी माझी गाठ घालून दिली. ओळखीच्या माणसाने दिलेली ती ओळख माझ्या शंभर मेसेजपेक्षा मोठी ठरली.

शिकाऊ उमेदवारांचं तर मला माहीतच नव्हतं. १९६१ च्या कायद्याप्रमाणे ३० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला एकूण संख्येच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावे लागतात, आणि केंद्राच्या प्रोत्साहन योजनेनुसार विद्यावेतनातला २५ टक्के वाटा, महिन्याला १५०० रुपयांपर्यंत, केंद्र सरकार उचलतं. हे तुम्ही सांगितलंत, मी नीट वाचून काढलं आणि सोप्या शब्दांत लिहिलं. आपल्याच गावच्या एका तेल मिलच्या मालकांचा मुलगा ते वाचून ऑफिसला आला. शेजारी असून चार वर्षांत आम्ही कधी बोललो नव्हतो.

एका बाबतीत मात्र मी तुमचं ऐकलं नाही. तुम्ही आठवड्याला तीनदा लिहा म्हणाला होतात. मी एकदाच लिहितो, सोमवारी सकाळी. बाकीचे दिवस गावांत फिरलो नाही तर लिहायला माझ्याकडे काही उरणार नाही, असं मला मनापासून वाटतं. ओळख झाली की आठवड्याच्या आत फोन करायचा आणि फोन झाला की प्लांटला जाऊन यायचं, हा नियम मात्र पाळतो. व्यवहार शेवटी शॉप फ्लोअरवर उभं राहून, यंत्रं पाहून आणि कँटीनची भाजी चाखूनच होतो.

आणि तो फोन. कालची ऑर्डर देणाऱ्या त्या मॅडमशी दोन महिने लिहिण्या-बोलण्याचं चाललं होतं, पण काम मागायला माझी जीभ रेटत नव्हती. मी तुम्हाला रात्री साडेनवाला फोन केला. तुम्ही पोळ्या लाटत होता, मागे लाटण्याचा आवाज येत होता. म्हणालात, "भाऊ, ताकाले जाऊन भांडं काऊन लपवता? दोन महिने तुम्ही त्यायच्या कामी पडले, आता सरळ विचारा, भेटायला कधी येऊ." दुसऱ्या दिवशी सकाळी विचारलं. तासाभरात उत्तर आलं, गुरुवारी या.

कालची ऑर्डर त्या गुरुवारपासून सुरू झालेली गोष्ट आहे. त्यात जामपर्यंतच्या गाडीची अट मी घालून घेतली. पहिल्या खेपेला नंदोरी, गिरड आणि कोऱ्याची पोरं जात आहेत, एका गावची एका शिफ्टला. त्यात कानातलं गहाण ठेवलेल्या त्या आईचा मुलगाही आहे. त्याच्या आईने मला काही देऊ केलं तेव्हा मी नावाखालची ती ओळ मोबाइलवर काढून तिला वाचून दाखवली. तिने ती दोनदा वाचायला लावली.

मी फीचं विचारलं तेव्हा तुम्ही रागावला होतात, म्हणून पुन्हा विचारत नाही. तुमच्या प्रोफाइलवर दोन परिच्छेदांचं रेकमेंडेशन, म्हणजे शिफारस, मात्र लिहून पाठवलं आहे. तुम्ही मंजूर केल्याशिवाय ते कोणाला दिसत नाही आणि तीन आठवडे झाले, ते तसंच पडून आहे. तेवढं स्वीकारा, ताई.

आईंना नमस्कार सांगा. डोळ्यात थेंब वेळेवर टाकायला सांगा.

तुमचा भाऊ,
हिंगणघाट, जिल्हा वर्धा