गावरान बियाणे: नोंदणीची सोय तालुक्याला हवी

महोदय,

ज्वारी-कापसाच्या रानात वेलावर येणारे वाळूक, काटेरी वांगी, गावरान दोडका आणि चवळी यांचे बी मराठवाड्यात आजही टिकून आहे, ते मुख्यतः घरोघरच्या बायकांमुळे. जोमदार वेलावरचे निकोप फळ न तोडता पूर्ण पिकू द्यायचे, बी धुऊन सावलीत सुकवायचे आणि चुलीची राख चोळून मडक्यात ठेवायचे, हे काम त्या वर्षानुवर्षे करीत आल्या आहेत. त्याला कोणी संशोधन म्हटले नाही, ही गोष्ट वेगळी. शेजारच्या रानात दोडक्याचा दुसरा वाण असला की मधमाश्यांमुळे परागसंकर होऊन बी भेसळते, हेही त्यांना ठाऊक असते.

संकरित वाणांचे उत्पादन बहुधा जास्त येते, हे नाकारण्यात अर्थ नाही. मात्र त्यांचे घरी धरलेले बी पुढच्या हंगामात तसेच उतरत नाही, म्हणून दरवर्षी पाकीट विकत घेणे आले. २००१ च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्यानुसार शेतकऱ्याला बी राखण्याचा व देवाणघेवाणीचा हक्क आहे आणि पारंपरिक वाणाची नोंदणीही करता येते. गावरान बी जपणाऱ्या अकोल्याच्या (जि. अहिल्यानगर) राहीबाई पोपेरे यांना २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाल्यावर या कामाचे कौतुक पुष्कळ झाले, आमच्याकडे नोंदणीचा अर्ज कोठे मिळतो, हे मात्र गावात फारसे कोणी सांगू शकत नाही. परभणीच्या कृषी विद्यापीठाने आणि कृषी विभागाने खरिपापूर्वी तालुक्याच्या आठवडी बाजारात हे अर्ज भरून देणारा माणूस बसवावा.

– एक शेतकरी वाचक, जि. परभणी