नॉर्मंडीच्या पॅराट्रूपरच्या तोंडावर हिरवे पट्टे, हेड बदलून द्या

प्रॉडक्ट मॅनेजर यांना,

आत्ताच तुमच्या कस्टमर केअरचा फोन ठेवला आणि लगेच लिहायला बसलोय. विषय तुमचा 101 एअरबोर्नचा, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकन पॅराट्रूपर डिव्हिजनचा, 1/6 स्केलचा फिगर, बॉक्सवर लिहिलंय "नॉर्मंडी, जून 1944". वेबसाइटच्या फोटोत चेहऱ्यावर काळा रंग ओबडधोबड फासलेला दिसतो, म्हणूनच घेतला. बॉक्समधून निघालं हिरव्या-तपकिरी पट्ट्यांचं तोंड, कडा अगदी पट्टीने मारल्यासारख्या सरळ. हा व्हिएतनाम युद्धाच्या काळातला कॅमो स्टिकचा, म्हणजे तोंड रंगवायच्या कांडीचा, लूक आहे. आणि हात? स्वच्छ गुलाबी! रात्री उडी मारायची, चांदण्यात कातडी चमकू नये म्हणून ती पोरं जळकं बूच, काजळी, कोळसा मिळेल ते बोटांनी फासत होती, तोंडाबरोबर हातांनाही.

फिगरच्या हेल्मेटवर पांढरा बदाम आहे, म्हणजे 502 रेजिमेंट, हे तुम्हाला मी सांगायला नको. त्याच 502 च्या पोरांना भेटायला 5 जूनच्या संध्याकाळी दोस्त सैन्याचा सरसेनापती आयझेनहॉवर इंग्लंडमधल्या ग्रीनहॅम कॉमन विमानतळावर गेला होता. गळ्यात 23 नंबरची पाटी घातलेला लेफ्टनंट स्ट्रोबेल आणि भोवती काळवंडलेले चेहरे, हा फोटो जगभर छापलाय. एकाच्याही तोंडावर असे आखीव पट्टे दाखवा मला.

तुमच्या सुपरवायझरला हेच सांगत होतो तर मध्येच तोडून म्हणतात, "सर, मिलिटरीचा मेकअप हिरवाच असतो, कुठलाही वॉर पिक्चर बघा." मी म्हटलं पिक्चर नको, त्या रात्रीचे फोटो बघू. मग होल्डवर टाकलं, बराच वेळ ती ट्यून ऐकवली, परत आले आणि विचारतात, "सर, मुलाला आवडलं ना खेळणं? मग प्रॉब्लेम काय आहे?" मी सांगितलं की मुलासाठी नाही, माझ्यासाठी घेतलंय, आणि बॉक्सवर तुम्हीच मोठ्या अक्षरात 'ॲडल्ट कलेक्टर्स' छापलंय. त्यावर मागे कुणीतरी हसलं. मला स्पष्ट ऐकू आलं. आणि मग, "शोकेसमध्येच ठेवणार ना सर, लांबून काय कळतं?" अहो, लांबून कळत नसेल तर जॅकेटवरची शिलाई, बुटाच्या लेस, हेल्मेटची जाळी एवढ्या बारकाईने कशाला केली? त्याचेच पैसे घेता ना तुम्ही?

शेवटी त्यांनी मला एक फोटो मेल केला, "बघा सर, पट्टे आहेत." तो फिल्दी थर्टीनचा फोटो. ती 506 रेजिमेंटची डेमोलिशनवाली तुकडी, मोहॉक कट, तोंडावर वॉर पेंट, त्या तुकडीची गोष्टच वेगळी. 506 च्या हेल्मेटवर इस्पिक असतं, तुमच्या फिगरवर बदाम आहे! शिवाय फोटो ब्लॅक अँड व्हाइट, त्यात हिरवा रंग दिसला कुठून? असलं उत्तर पाठवण्याआधी मॅनेजमेंटमधल्या कुणी ते वाचलं तरी का?

ते म्हणतात घरी पुसून घ्या. रंग फॅक्टरी प्रिंट आहे, थिनर लावला तर खालचा कातडीचा रंगही जाणार. आणि हातांचं काय? ते गुलाबीच ठेवायचे?

याच सिरीजमधला तुमचा मार्केट गार्डनचा, म्हणजे हॉलंडमधल्या पॅराशूट मोहिमेचा, फिगर माझ्याकडे आहे. सप्टेंबर 1944, दिवसाढवळ्या उडी, चेहरा साफ, एम-43 युनिफॉर्म, सगळं बरोबर. तेव्हा तुमच्याकडे अभ्यास करणारं कुणीतरी होतं. म्हणून जास्त वाईट वाटतंय, मी मित्रांना तुमचं नाव सांगून फिगर घ्यायला लावलेत.

मला रिफंडचं कूपन नको. काळं फासलेलं हेड आणि त्याला मॅच होणारे हात पाठवा, ते जमत नसेल तर न रंगवलेलं हेड द्या, मी स्वतः रंगवतो. आणि वेबसाइटवरचा फोटो बदला, कारण फोटोत एक दाखवून बॉक्समध्ये दुसरं देणं ही सरळ फसवणूक आहे. या आठवड्यात लेखी उत्तर आलं नाही तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवणार आणि तिथून पुढे ग्राहक आयोगात जाणार. बिल, बॉक्स आणि दोन्ही फोटो जोडलेत. उत्तर मेलवरच द्या, फोन करू नका.