पलंगावरचे कपडे आणि पाठीवरचं ओझं

चि. बाळ,

अनेक आशीर्वाद.

तुझा फोटो पाहिला. पलंगभर कपडे, आणि कडेला वजनकाट्यावर ५ किलो ४०० ग्रॅम. डोंगरातल्या सहा दिवसांच्या शिकारीसाठी. खाली लिहिलंयस, ‘आई, यातलं काय काढू? सगळंच लागेल असं वाटतंय.’ फोनवर अर्धं राहून जातं, म्हणून लिहूनच पाठवते.

नुसतं भटकायला गेलेल्याची सॅक दिवसागणिक हलकी होत जाते. शिकारीला गेलेल्याचं उलट असतं. शिकार साधली तर सगळ्यात जड ओझं उतरतानाच पाठीवर येतं, तेही पाय थकलेले असताना, घसाऱ्यावरून. एका हरणाचं हाडं काढलेलं मांसही २०-२५ किलोंच्या घरात जातं. जनावर मारलं तर त्यातलं काही डोंगरात टाकून यायचं नाही, हे तुला मी पहिल्यापासून सांगत आलेय. तेव्हा आज पलंगावर जे काढून ठेवशील, त्याचा हिशेब त्या उतारावर होणार आहे. ‘असू दे, लागला तर’ असं म्हणून घेतलेला प्रत्येक कपडा त्या मांसाची जागा खातो.

माझ्या दुसऱ्या मोहिमेचं तुला अर्धवटच माहीत आहे. पूर्ण सांगते. तेव्हा माझ्याकडे कपडे भरपूर होते. जाड सुती बनियन, त्यावर सुती सदरा, त्यावर जाड स्वेटर. पहाटे अंधारात निघताना थंडी वाजत होती म्हणून सगळं अंगात चढवलं आणि दोन तास खडी चढण चढले. धारेवर पोचले तेव्हा घामानं पाठ चिंब होती, पण अंग तापलेलं असल्यानं कळलंच नाही. मग दुर्बीण लावून बसले. उजाडायच्या आधीचा वारा सुटला आणि पंधरा मिनिटांत हुडहुडी भरली. वीस-पंचवीस मिनिटांनी समोरच्या सोंडेवर जनावर आलं. मी बंदूक उचलली, तर बोटं माझी नव्हतीच. सेफ्टीचा खटका कुठे आहे ते चाचपूनही समजेना. मी बंदूक खाली ठेवली. तुझ्या बाबांनी माझ्या जाकिटाची चेन लावून दिली, कारण तीही मला लावता येत नव्हती, आणि काहीतरी विचारलं. माझं उत्तर त्यांना कळलं नाही, जीभ जड झाली होती. आम्ही तिथूनच खाली उतरलो.

पाऊस नव्हता, बर्फ नव्हतं. मी माझ्याच घामानं भिजले होते. पाणी हवेपेक्षा साधारण २५ पटींनी जास्त वेगानं अंगातली ऊब ओढून नेतं, आणि सुती कापड ते पाणी सोडायला तयारच नसतं. शरीराचं आतलं तापमान ३५ अंशांच्या खाली गेलं की त्याला हायपोथर्मिया म्हणतात. बोटं त्याच्या आधीच दगा देतात, आणि जड जीभ हे त्याचंच लक्षण. हातात बंदूक असलेल्या माणसाची बोटं बधिर होणं किती भयंकर, ते तू समजू शकतेस. म्हणून सुती कपडा एकही नको. फोटोतली ती निळी जीन्स आणि राखाडी हूडी आधी कपाटात ठेव. त्या दोघींचंच वजन दीड किलोच्या आसपास असेल.

आता कपडे निवडायचे कसे ते सांगते. डोंगरात तू दिवसभर दोन वेगळ्या बायका असतेस. एक चढणारी, जिला ओझ्याखाली गोठणबिंदूच्या आसपासही घाम फुटतो. दुसरी बसणारी, जी त्याच हवेत तासन् तास न हलता समोरचा डोंगर न्याहाळते. दोघींना एकाच जाड कपड्यात कोंबायला गेलीस की पहिली भिजते आणि दुसरी गारठते. चढणारीला पातळ कपडा दे. बसणारीचा जाड कपडा सॅकमध्ये अगदी वर, कोरडा ठेव. निघताना थोडी थंडी वाजली पाहिजे. दहा मिनिटं चालल्यावर बरं वाटेल. नाही वाटलं, तर थांबून एक थर चढव. पण घाम आल्यावर काढण्यापेक्षा येण्याआधी काढ. माथ्याच्या थोडं अलीकडे वेग कमी कर, श्वास बसू दे, अंग वाळू दे, मग धारेवर जा. मला हे शिकायला तीन हंगाम लागले.

१९९१ साली आल्प्समध्ये ३,२०० मीटरच्या वर बर्फात एक माणूस सापडला, पाच हजार वर्षांहून जुना. ओट्झी म्हणतात त्याला. त्याच्यापाशी धनुष्य होतं, बाणांचा भाता होता. मला त्याच्या कपड्यांचं फार कौतुक वाटतं. टोपी अस्वलाच्या कातड्याची, पायांवरचं आवरण बोकडाच्या कातड्याचं, अंगरखा मेंढी-बोकडाच्या कातड्यांचे तुकडे जोडून केलेला, आणि बुटांत ऊब राहावी म्हणून वाळलेलं गवत भरलेलं. ज्या जागेला जे कातडं योग्य, ते तिथे. एकच जाड कातडं गुंडाळून निघाला नव्हता तो.

अंगाला लागणाऱ्या थरावर जपून विचार कर, सगळं तिथूनच बिघडतं किंवा जमतं. मी मेरिनो मेंढीच्या मऊ लोकरीची बाजू घेते. ती टोचत नाही. स्वतःच्या वजनाच्या जवळपास तिसरा हिस्सा ओल धाग्याच्या आत मुरवूनही ती ओली लागत नाही, आणि चार दिवस अंगात राहिली तरी वास धरत नाही. पॉलिस्टर फार लवकर वाळतं, ते पाणी जवळजवळ पीतच नाही, पण दुसऱ्या संध्याकाळी त्याचा वास तंबूत सहन होत नाही. मग जनावराच्या नाकाला काय वाटत असेल? मेरिनोची खोड एकच, पातळ कापड सॅकच्या पट्ट्यांखाली विरतं. त्यासाठी थोडं नायलॉन मिसळलेलं घे. चौरस मीटरला १५० ग्रॅमचं कापड चालायला पुरतं. असे दोनच सदरे: एक अंगात, एक सॅकेत. तिसरा नको.

आणि एक गोष्ट, जी याद्या लिहिणारे पुरुष कधी लिहीत नाहीत. तुझी रोजची ब्रा सुती आणि जाड कपांची असेल तर बाकी सगळं उत्तम असूनही छातीपाशी आणि पाठीवर एक ओला पट्टा दिवसभर राहील. आतला फोम वाळता वाळत नाही. हुक आणि जाड शिवण सॅकच्या पट्ट्याखाली आली तर तिसऱ्या दिवशी कातडी सोलवटते. माझी सोलवटली होती. लोकरीची किंवा पातळ सिंथेटिक, बिनहुकाची, सपाट शिवणीची घे. आणि ती घालून, सॅकमध्ये १५ किलो वजन भरून, घराजवळ दोन-तीन तास चालून बघ. हे न करता निघू नकोस.

बसणारीचं जाकीट. इथे वजन वाचवायला जाऊ नकोस, इथे ऊब विकत घे. पिसांच्या जाकिटाला वजनाच्या मानाने तोड नाही. ८०० फिल म्हणतात त्या पिसांचा एक औंस, म्हणजे जेमतेम २८ ग्रॅम, फुगून ८०० घन इंच, म्हणजे साधारण तेरा लिटर, जागा व्यापतो. ऊब त्या अडकलेल्या हवेची असते. पिसं भिजली की गोळा होऊन बसतात आणि जाकीट नुसतं फडकं होतं. सतत भुरभुर पाऊस असलेल्या डोंगरात म्हणूनच सिंथेटिक भरणीचं बरं. थोडं जड, पण ओलं होऊनही बरीच ऊब राखतं. तुझा अंदाज कोरड्या थंडीचा आहे, तेव्हा पिसांचं ने आणि ते चालताना कधीच घालू नकोस. पायांसाठी पातळ सिंथेटिक भरणीची पँट, जिची चेन पूर्ण लांबीभर उघडते, म्हणजे बूट न काढता चढवता येते. लोक वरचं जाकीट घेतात आणि पाय विसरतात.

पावसाचं जाकीट एकच, पण खरं. शिवणींवर आतून पट्टी आहे का ते बोट फिरवून बघ, काखेत चेन असेल तर उत्तम. तुझं जुनं जाकीट ‘गळतं’ असं तू म्हणत होतीस. ते बहुधा गळत नाही. वरच्या कापडावरचा पाणी झटकणारा लेप गेलाय, त्यामुळे कापड ओलं होऊन बसतं, आतली वाफ बाहेर पडत नाही आणि तोच घाम तुला पाऊस वाटतो. आतल्या चिठ्ठीत लिहिलंय तसं धू, ड्रायरमध्ये मंद आचेवर फिरव आणि नळाखाली धर. पाण्याचे मणी होऊन घरंगळले की झालं. तरीही कापड पाणी पीत असेल तर लेपाचा फवारा मार.

जाकीट घालून हात जरा हलवून ऐक. कडक कापड चुरचुरतं, आणि शांत सकाळी तो आवाज लांब जातो. दबा धरून जवळ जायचं असेल तर बाहेरून मऊ, लवदार फ्लीसचं कापड बरं. रंगाचं म्हणशील तर हरणाच्या डोळ्यांना नारिंगी आणि हिरवा आपल्यासारखे वेगळे दिसत नाहीत, पण निळा ठसठशीत दिसतो. कपडे उजळ करणाऱ्या साबणातली रसायनं अतिनील प्रकाश शोषून निळसर उजेड परत फेकतात, म्हणून शिकारीचे कपडे त्या साबणात घालू नकोस. भडक नारिंगी बंडीबद्दल तुझ्या परवान्यासोबतचे नियम नीट वाच. सक्ती नसली तरी ती ने. त्याच डोंगरात दुसऱ्याच्याही हातात बंदूक असते.

मोजे तीन जोड. एक पायात, एक वाळत, आणि एक फक्त झोपायचा, जो काहीही झालं तरी बुटात जाणार नाही. दमट मोजे रात्री स्लीपिंग बॅगमध्ये पोटाशी घेतलेस की सकाळपर्यंत वाळतात. आतली लांब विजार आणि तो दुसरा सदरा, हा तुझा कोरडा जोड, संध्याकाळसाठी. पहाटे पुन्हा ओलसर कपडे अंगात घालायचं जिवावर येतं, ते मला ठाऊक आहे. घाल तरीही, चालता चालता वाळतात. कोरडा जोड भिजवलास तर मागे काही उरत नाही. तो जाड प्लास्टिकच्या पिशवीत, तोंड पिळून बांधून ठेव. कानटोपी एक, पातळ हातमोजे आणि त्यावर एक जाड जोड, एवढं बास.

हे सगळं मी माझ्या काट्यावर ठेवून पाहिलं: अंगावरचे कपडे सोडून २ किलो १०० ग्रॅम. तुझ्यात नि माझ्यात तीन किलोंहून जास्त फरक आहे. थंडीचा अंदाज मात्र पायथ्याच्या तापमानावरून बांधू नकोस; दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंश उतरतात, आणि वारा वेगळाच.

माझं काळं पिसांचं जाकीट उद्या पाठवते. ३८० ग्रॅमचं आहे. डाव्या कोपरापाशी काटेरी झुडपात फाटलं होतं, तिथे चिकटपट्टी लावलीय. ती ओढू नकोस, पिसं बाहेर येतील. मिळालं की घालून, हात वर करून, बंदूक खांद्याला लावून बघ. दंडाला दाटत असेल तर लगेच कळव, निघायला अजून नऊ दिवस आहेत. आणि नवी यादी प्रत्येक वस्तूच्या वजनासकट पाठव.

तुझी,
आई