बापू, पब म्हणजे गुत्ता नव्हे

नॉर्थॅम्प्टन,
रविवार रात्र

प्रिय बापू,

रामकृष्ण हरी.

परवा तुझा फोन आला तेव्हा मी गप्प बसलो, कारण मागून चारपाच जणांचे आवाज येत होते आणि तू स्पीकर लावला होतास हे मला कळत होतं. ग्रुपवर टाकलेल्या त्या एका फोटोवरून तू सगळ्यांसमोर माझी बिनपाण्याने केलीस. "साहेब आता गुत्त्यावर बसायला लागले." फोटोत माझ्यासमोर ग्लास होता हे खरं, त्यात बिअर होती हेही खरं. पण मागे जी लांबडी होडी दिसत होती, तिच्याबद्दल तू एकच प्रश्न विचारलास: "त्या कॅनॉलला पाणी कधी सोडतात?" त्या प्रश्नावर मी दोन दिवस हसतोय, आणि खरं सांगू, घराची आठवणही त्यानेच आली. म्हणून हे लांबलचक पत्र. चष्मा लावून वाच, आणि स्पीकरवर नको.

आपण नीरा उजव्या कालव्याची पोरं. कालवा म्हटलं की आपल्याला आवर्तन आठवतं, पाटकऱ्याची मोटरसायकल आठवते, रात्री दोनला बॅटरी घेऊन दारं धरायला जाणं आठवतं. इथल्या कालव्यावर एक गुंठाही भिजत नाही. कुणी पाणी सोडत नाही, कुणी चोरत नाही. पाणी नुसतं उभं असतं, आपल्या शेततळ्यासारखं, फक्त मैलच्या मैल लांब. हा पाण्याचा रस्ता आहे. रेल्वे यायच्या आधी कोळसा, लोखंड, धान्य सगळं याच्यावरून जायचं. काठावरच्या वाटेने घोडा चालायचा, दोराने होडी ओढायचा, आणि एका होडीत पंचवीसेक टन माल. बैलगाडीत किती बसतो ते तुला मी सांगायला नको.

आता घोडा म्हटला की त्याला दाणापाणी आलं, तबेला आला, माणसाला भाकरतुकडा आला. म्हणून कालव्याच्या काठाने दर काही मैलांवर पब. नावंही तशीच: बोट, बार्ज, नॅव्हिगेशन, अँकर.

माझ्या नेहमीच्या पबचं नाव बोट इन. स्टोक ब्रूअर्न नावाचं छोटं गाव आहे, माझ्या घरापासून गाडीने वीसेक मिनिटं. गाव म्हणजे काय, कालव्याच्या दोन्ही बाजूंना दगडी घरं आणि मध्ये पाणी. पब १८७७ पासून वुडवर्ड घराण्याकडे आहे. पाटलाच्या वाड्यासारखं एकाच घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं. दगडी भिंती, वर गवताने शाकारलेलं छप्पर, खाली फरशी, आणि दारासमोर दहा पावलांवर कालवा.

तिथेच लॉक आहे. लॉक म्हणजे कुलूप नव्हे रे, होडीची पायरी. पाणी काही चढ चढत नाही, मग होडी चढवायची कशी? तर दोन्ही टोकांना लाकडी दारं असलेला एक दगडी हौद. होडी आत घ्यायची, मागची दारं लावायची, वरचं पाणी झडपेतून हळूहळू आत सोडायचं. पाणी भरतं तशी होडी वर येते, मग पुढची दारं उघडायची. स्टोक ब्रूअर्नला असे सात हौद आहेत. दार ढकलायला माणूस त्याच्या लांब तुळईला पाठ लावून, टाचा रोवून मागे रेटतो, आणि दोन्ही बाजूंचं पाणी सारखं होईपर्यंत ते दार तसूभर हलत नाही. सुट्टीवर आलेली शहरी माणसं घाई करतात, लाल होतात, आणि पबच्या बाकांवरची मंडळी ग्लास हातात धरून हा तमाशा बघत बसते. या रिकामटेकड्या बघ्यांना इंग्रजीत खास शब्द आहे, गाँगूझलर. तोंडात घोळवून बघ. आपल्या बाजाराच्या पुलावर जी मंडळी दिवसभर बसते, त्यांना हा शब्द माझ्याकडून भेट दे.

पबमधून निघून पंधरा मिनिटं काठाने चाललं की ब्लिसवर्थचा बोगदा लागतो. १८०५ साली सुरू झाला, लांबी तीन किलोमीटरला थोडी कमी. आत घोड्याला वाट नाही. मग घोडा टेकडीवरून पलीकडे न्यायचा, आणि होडीच्या तोंडाशी आडवी फळी टाकून तिच्यावर दोन माणसं उताणी झोपायची, पाय बोगद्याच्या भिंतीला लावायची आणि भिंतीवर 'चालत' होडी पुढे न्यायची. काळोखात, गार पाण्यावर, झोपून चालत. मी बोगद्याच्या तोंडाशी उभा राहिलो तेव्हा आतून ओल्या विहिरीचा वास आला. आपल्या जुन्या विहिरीचा येतो ना, अगदी तो. अशी मजुरी करून बाहेर पडलेला माणूस पबात बसला तर त्याला बोल लावायची माझी तरी हिंमत नाही.

होडीवाल्यांची बिऱ्हाडं होडीतच असायची. मागच्या बाजूला एक खोली, आपल्या बैलगाडीपेक्षा थोडी मोठी, त्यात नवरा-बायको, पोरं, शेगडी, सगळं. आपल्याकडच्या ऊसतोडीच्या टोळ्यांसारखी मुलखभर फिरती माणसं, त्यामुळे पोरांच्या शाळेचे तसेच हाल. या गावात मेरी वॉर्ड नावाची एक परिचारिका होती, तिने या होडीवाल्या लोकांची दुखणी-बाळंतपणं कित्येक वर्षं काढली. तिचं घर काठावरच होतं. नंतर धंदा बसला. १९६३ साली सरकारी होड्यांची माल वाहतूक जवळजवळ बंद झाली, आणि त्याच साली समोरच्या जुन्या गिरणीत कालव्याचं म्युझियम उघडलं. म्हणजे एका हाताने पोट काढून घेतलं आणि दुसऱ्या हाताने फोटो भिंतीला लावला. असो.

तू विचारशील, तू तिथे गेलासच कशाला? ऐक. पहिला हिवाळा. चार वाजता अंधार. घरची पुण्यात, मी इथे एका खोलीत. शुक्रवारी संध्याकाळी ऑफिसात "हॅव अ नाइस वीकेंड" म्हणायचं आणि मग सोमवारी सकाळपर्यंत तोंडातून शब्द नाही. दुकानातलं बिल करायचं मशीनही बोलायचं तेवढंच. एका शनिवारी काठाने चालत होतो, पावसात भिजलो, आणि उबेला म्हणून एका पबात शिरलो. कोपऱ्यातल्या टेबलावर जाऊन बसलो. वेटर येईल म्हणून वाट बघतोय. पाच मिनिटं, दहा मिनिटं, पंचवीस मिनिटं. कुणी फिरकेना. मनात म्हटलं, काळ्या माणसाला विचारत नाहीत वाटतं. शेवटी शेजारचा म्हातारा, पायाशी कुत्रं झोपलेलं, माझ्याकडे न बघताच म्हणाला की इथे ऑर्डर काउंटरवर जाऊन द्यायची असते, नाहीतर ईस्टरपर्यंत बसशील. मी इतका ओशाळलो की एक सूप मागवलं आणि दोनदा थँक यू म्हटलं. पण तो माझ्याशी बोलला, बापू. त्या आठवड्यात न विचारता माझ्याशी बोललेला तो पहिला माणूस.

पुढे त्याच्या टोळीत मी बसायला लागलो. चार म्हातारे आणि मी. इथे राउंडची पद्धत आहे: प्रत्येकाने आळीपाळीने सगळ्यांसाठी घ्यायचं. मला हे कुणी सांगितलं नव्हतं. मी दोन ग्लास घेऊन, सगळ्यांना नमस्कार करून, माझा नंबर यायच्या आत उठून घरी. असे तीन-चार शनिवार गेले. कुणी चकार शब्द काढला नाही. मग एकदा मी कोट चढवत असताना त्या कुत्रेवाल्याने शांतपणे म्हटलं, "तू आमचं ऑक्टोबरपासूनचं देणं लागतोस." मला लख्खकन आपली पाण्याची पाळी आठवली. तुझ्या वडिलांनी एकदा आपल्या चुलत्यांना चारीवर सगळ्यांदेखत सांगितलं होतं, पाळी घेतोस तर पाळी द्यायलाही शीक. ते आठवून मी जागच्या जागी हसायला लागलो. कोट काढला आणि पाच जणांचं घेऊन आलो. आता मी पाळी चुकवत नाही. इथे लोक दारुड्याला एक वेळ माफ करतील, पाळी चुकवणाऱ्याला नाही.

बिअरबद्दल तुला काय सांगू, तू माळकरी. पण विरजण-ताकातलं तुला कळतं म्हणून सांगतो. इथली पारंपरिक बिअर पिंपात जिवंत असते. तळघरात, अकरा-बारा डिग्रीला, ती पिंपातच शेवटची आंबते, बाहेरून गॅस मारत नाहीत. पिंप एकदा उघडलं की तीन-चार दिवसांत संपवायचं, नाहीतर ताकासारखी आंबट. काउंटरवर लाकडी मुठीचा हातपंप असतो, आपल्या गावच्या हापशाचा शहाणा धाकटा भाऊ. मालकीण तो सावकाश ओढते, ग्लास भरते, थांबते, फेस बसू देते, पुन्हा अर्धा हात ओढते, मग ग्लास उजेडाला धरून बघते. गढूळ दिसली तर स्वतःच ओतून टाकते. ही कारागिरी मरायला लागली होती. १९७१ साली चार मित्रांनी कॅमरा नावाची संघटना काढली आणि ती वाचवली. चौघांचं वेड, आणि पुढे लाखावर सभासद झाले. आपण चौघांनी काढलेल्या तरुण मंडळाचं काय झालं ते तू जाणतोस.

आणि गंमत ऐक: ही बिअर नितळ करायला पूर्वापार माशाच्या पोटातल्या पिशवीपासून केलेला पदार्थ घालतात. म्हणजे तुझ्या हिशेबाने ती दोनदा बाद. काही ठिकाणी आता त्याशिवायही करतात, पण तो शोध तुझ्यासाठी लावायचं कारण नाही.

आता तुझ्या जेवणाचं बघू, कारण मे महिन्यात तू येतोयस. हो, येतोयस. पालखी फलटणला यायच्या आत मी तुला विमानात बसवून परत पाठवतो, शब्द. मेमध्ये इथे रात्री नऊपर्यंत उजेड असतो आणि काठाची झुडपं पांढऱ्या फुलांनी भरतात.

रविवारचं मोठं जेवण म्हणजे रोस्ट. भाजलेलं मांस, भाजलेले बटाटे, भाज्या, वर रस्सा. ते आपल्या टेबलावर येणार नाही. यॉर्कशायर पुडिंग नावाला भुलू नकोस, ते गोडही नाही आणि त्यात अंडं आहे. चिप्स, म्हणजे बटाट्याच्या तळलेल्या जाड फोडी, सगळीकडे मिळतात, पण कशात तळल्यात ते विचारायचं, काही ठिकाणी गाईच्या चरबीत तळतात. मी विचारीन, तू नुसता उभा राहा. तुझ्यासाठी खरी चीज म्हणजे प्लाउमन्स लंच, नांगऱ्याची न्याहारी. जाड पावाचे तुकडे, चेडर चीजचा मोठा ठोकळा, व्हिनेगरमध्ये मुरवलेला अख्खा कांदा, गोडसर लोणचं, सफरचंदाची फोड. हॅम नको म्हणून सांगायचं. पहिल्यांदा ताट आलं तेव्हा मला वाटलं, ही तर आपली बांधावरची शिदोरी, भाकरीच्या जागी पाव. नंतर कळलं की हे नाव गावोगाव पोचवलं ते चीज विकणाऱ्यांनी, १९५०-६०च्या दशकांत, जाहिराती करून. पाव-चीज-कांदा शेतकरी खातच होता, फक्त त्याला माहीत नव्हतं की तो प्लाउमन्स लंच खातोय.

वर सफरचंदाचं क्रंबल आणि गरम कस्टर्ड. पावडरीच्या कस्टर्डात अंडं नसतं. ती पावडर १८३७ साली बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्डने काढली, त्याच्या बायकोला अंडी सोसत नव्हती म्हणून. नवऱ्याने बायकोसाठी केलेलं असं काही वहिनींना वाचून दाखव, तुला त्रास होईल. पण पावडरीचं आहे की मुदपाकातलं, हेही विचारायला लागेलच, घरच्या कस्टर्डात अंडी असतात. प्यायला लाइम-सोडा, नाहीतर एल्डरफ्लॉवर नावाच्या फुलांचं सरबत. बिनदारूची जिंजर बिअर मागवलीस तरी हरकत नाही, तिच्यात बिअर नसते, पण फोटो मात्र काढू देऊ नकोस. तुझाही स्पीकरवर पंचनामा होईल.

एक धडा मी पदरच्या खर्चाने शिकलोय. मागच्या उन्हाळ्यात आठ मैल चालून एका खेड्यातल्या पबात पोचलो, नाव कशाला सांगू. पाय सुजलेले, पोटात कावळे. घड्याळात दोन पस्तीस. "किचन अडीचला बंद." आतून तळणाचा वास येतोय, शेजारी एक कुटुंब बोटं चाटून खातंय, आणि मला शेंगदाण्याचं एक पाकीट. मी हुज्जत घातली, विनवण्या केल्या, मालक गोड हसून "सॉरी" म्हणत राहिला. त्या गोड सॉरीपेक्षा आपल्या हॉटेलवाल्याचं "संपलं" बरं वाटतं. तर आपण फोन करून जाऊ, आणि बाराला पोचू.

एक दिवस तुला फॉक्स्टनला नेतो. तिथे एका उतारावर दहा हौद जिन्यासारखे, होडी पंचाहत्तर फूट चढते, आणि पब पायथ्याशी. गुजराती वस्तीचं लेस्टर शहर जवळ असल्यामुळे रविवारी गुजराती मंडळी थेपल्यांचे डबे घेऊन गवतावर बसलेली असतात. तुला पाटकऱ्याच्या नजरेने ते बघताना मला बघायचंय. झडपा बघून तू नक्की काहीतरी खोड काढशील.

बोट इनमध्ये आत एक खेळ आहे, या जिल्ह्याचा खास. चामड्याने मढवलेल्या टेबलावर नऊ लाकडी खुंट्या उभ्या करतात आणि लांबून जाड लाकडी चकत्या फेकून पाडतात. त्या चकत्यांना म्हणतात चीज. तुझा गोट्यांचा नेम अजून शाबूत असेल तर त्या चार म्हाताऱ्यांना आपण दोघं घेऊ. मी त्यांना तुझ्याबद्दल सांगून ठेवलंय, की हा माणूस दारू पीत नाही, मांस खात नाही, आणि दरवर्षी अडीचशे किलोमीटर चालत देवाला जातो. कुत्रेवाल्याने बराच वेळ विचार केला आणि विचारलं, "वाटेत पब किती लागतात?"

पासपोर्टचं काम लगेच कर, तुझं उद्यावर टाकणं मला माहीत आहे. आणि येताना वहिनींच्या हातचा लसणीचा ठेचा आण, बरणीत घट्ट बांधून, मोठ्या बॅगेत. त्या चेडरबरोबर मला तो खाऊन बघायचाय. पहिली पाळी माझी, दुसरी तुझी.

तुझा,
संज्या

ता. क. पाणी सोडतात, बापू. दुरुस्तीला कालवा रिकामा करायचा असेल तेव्हाच. तेव्हा तळात जुन्या सायकली निघतात.